आहे असे धरावे

चोविसावी चावीही फिरेना, तेव्हा बेव्हर्लीने दाराला गुडघ्याने एक ढुशी दिली आणि घड्याळ पाहिलं. दहा वाजून वीस मिनिटं. जुडग्यात अजून सात चाव्या उरल्या होत्या, आणि त्यांतल्या दोन तर सरळसरळ सायकलच्या कुलपाच्या दिसत होत्या.

"ढकलू नका हं," मागे उभी असलेली कर्स्टी म्हणाली. "आत काय आहे ते आपल्याला माहीत नाही. धक्का बसला की धूळ उडते."

कर्स्टी लँब ही तपासनीस. गेट्सहेडहून सकाळी साडेआठलाच येऊन थडकली होती. पांढरा कागदी झगा कमरेपर्यंत चढवलेला, त्याच्या बाह्या पोटाशी बांधलेल्या, गळ्यात मास्क. दोन तासांत तिने सभागृहाचं छत पाहिलं, फरशा पाहिल्या, रंगमंचाखाली पोटावर सरपटून आली, मुताऱ्यांच्या टाक्यांवर टिचक्या मारल्या. आता उरली होती ती एवढी एकच खोली. जुन्या बॉयलरची.

हार्लरो गावातलं हे वेल्फेअर, म्हणजे गावाचं सभागृह, खाणकामगारांनी बांधलेलं. खाण बंद पडून तीस वर्षं झाली, सभागृह मात्र तगून होतं. बुधवारी म्हाताऱ्यांचं जेवण, रोज सकाळी बालवाडी, शनिवारी कुणाचं तरी लग्न नाही तर कुणाचं तरी दुःख. गेल्या वर्षी जुनी सचिव मुलीकडे स्पेनला निघून गेली. समितीत सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसले आणि बेव्हर्लीने हात वर केला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. तिला वाटलं होतं, चहा-बिस्किटांच्या याद्या करायच्या आणि हॉलची बुकिंगं घ्यायची. कायद्याने इमारतीतल्या अ‍ॅस्बेस्टॉसची जबाबदारी सचिवाच्याच गळ्यात असते, हे तिला निळी फाईल हातात पडल्यावर कळलं.

फाईलच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं. अ‍ॅस्बेस्टॉस कुठे आहे ते जाणून घ्यायचं. ते फुटत-झडत नाही ना यावर लक्ष ठेवायचं. आणि तिथे हत्यार लावायला जो कुणी येईल त्याला आधी सांगायचं. कुणाच्या छातीत ती धूळ गेली तर पहिला प्रश्न बेव्हर्ली हेपल, वय त्रेपन्न, हिलाच विचारला जाणार होता, आणि तोही कोर्टात. ते वाचल्यापासून तिला कुठल्याही भिंतीत खिळा दिसला तरी धस्स व्हायचं.

फाईलच्या शेवटच्या पानावर बॉयलरची खोली होती आणि तिच्यापुढे दर वर्षीच्या तपासणीला तेच वाक्य: 'चावी नाही. आत जाता आले नाही. अ‍ॅस्बेस्टॉस आहे असे धरावे.' नियमच तसा आहे. जिथे बघता येत नाही तिथे आहे म्हणायचं आणि लांब राहायचं. इतकी वर्षं ते खपून गेलं होतं. पण गेल्या हिवाळ्यात स्वयंपाकघरात नंतर बसवलेली हीटिंगही कायमची बंद पडली, जमिनीतली ऊब ओढून घेणारी नवी यंत्रणा मंजूर झाली, आणि तिचे पाइप मागच्या हिरवळीखालून नेमके याच खोलीतून आत यायचे होते. आता धरून चालणार नव्हतं, बघायलाच हवं होतं. मदत देणाऱ्या संस्थेची अट एकच होती. आज, शुक्रवारी, संध्याकाळपर्यंत खणायला सुरुवात झाली पाहिजे. नाहीतर ती मदत रांगेतल्या पुढच्या गावाला. हीटिंग नाही म्हणजे हिवाळाभर टाळं, आणि या भागात एकदा टाळं लागलेलं वेल्फेअर पुन्हा उघडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. शेजारच्या गावात त्याचं गालिच्यांचं गोदाम झालं होतं.

तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. सभागृहामागे बाऊल्स, म्हणजे गवतावर चेंडू घरंगळवायचा खेळ, खेळायची चौकोनी हिरवळ, बिलियर्डच्या टेबलासारखी सपाट, आणि तिच्या काठावर मिक डॉड्सचं पिवळं खणायचं यंत्र. मिक आठ वाजता आला होता. तेव्हापासून केबिनमध्ये बसून हॅमचा स्टॉटी पाव खात होता.

"याचं पोट आहे की खाण," ती पुटपुटली.

सोमवारी मिक आलाच नाही, यंत्राचा होज फुटला म्हणे. मंगळवारी खोऱ्याचा दात तुटला. बुधवारी सासूला इस्पितळात न्यायचं होतं. काल पाऊस होता, असं त्याने फोनवर सांगितलं, आणि बेव्हर्ली तेव्हा कोरड्या ठणठणीत अंगणात कपडे वाळत घालत होती. शाळेत तो तिच्या एक वर्ष पुढे. माणूस कामाचा, शब्दाचा पक्का. या आठवड्यात त्याला काय झालं होतं देव जाणे.

"बिजागऱ्या काढूया," कर्स्टी म्हणाली. "हळूच. आधी कडा ओल्या करून घेते."

"नको."

हा तिसरा आवाज बेव्हर्लीच्या वडिलांचा. सिरिल स्टॉबर्ट, वय ब्याऐंशी. बोळात घडीच्या खुर्चीवर मांडीत थर्मास घेऊन ते सकाळपासून बसले होते. तीस वर्षं इथले राखणदार, आणि हिरवळीचे तर अजूनही. नव्या हीटिंगच्या विरोधात अख्ख्या समितीत एकच हात वर झाला होता, तो त्यांचा. बायकोपेक्षा सिरिलचं गवतावर प्रेम जास्त, असं गाव म्हणायचं, आणि त्यांची बायको जीन हयात होती तोवर तीच सगळ्यांत मोठ्याने म्हणायची. हिरवळीत बागकामाचा काटा चार इंचांखाली घालायचा नाही, हा त्यांचा कायदा. एकदा मातीला भोकं पाडणारं यंत्र आलं तर त्याच्यापुढे गवतावर फतकल मारून बसले होते, ते यंत्र परत जाईपर्यंत.

"नको म्हणजे काय, बाबा? आता तरी आडवे पडू नका."

त्यांनी कोटाच्या खिशातून घशाच्या गोळ्यांची पत्र्याची डबी काढली. झाकण उघडायला त्यांना वेळ लागला. गोळ्यांच्या खालून एक लांब, काळी पडलेली चावी निघाली. ती त्यांनी कर्स्टीपुढे धरली, मुलीपुढे नाही.

बेव्हर्ली बघतच राहिली. "ही तुमच्याकडे होती? मी तासभर इथे हमाली करतेय. गेली कित्येक वर्षं लोक येऊन परत जातायत."

"होती," ते म्हणाले आणि एक गोळी तोंडात टाकली.

कर्स्टीने चावी घेतली. झगा वर ओढला, मास्क घट्ट केला, दोघांना बोळाच्या टोकाला जायला सांगितलं आणि आत गेली. दार तिच्यामागे लागलं.

पंधरा मिनिटं. बेव्हर्ली खिडकीपासून नळापर्यंत गेली आणि परत आली. हातमोजा काढला, घातला, पुन्हा काढला. बापाकडे बघून काही बोलावंसं वाटे आणि तोंड उघडलं की भांडणच होईल म्हणून ती पुन्हा नळाकडे जाई. सिरिल गोळी चघळत होते.

कर्स्टी बाहेर आली, ओल्या फडक्याने अंग पुसून काढलं, झगा उलटा करून पिशवीत भरला आणि मगच मास्क उतरवला.

"रिकामी आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"बॉयलर आहे, पाइप आहेत. उघडे. त्यांच्यावर लेप नाही."

बेव्हर्लीला इतकं हलकं वाटलं की तिने भिंतीला हात टेकला. "मग संपलं की. देवा रे. नसत्याला आहे धरून बसलो होतो आम्ही."

कर्स्टी हसली नाही. तिने आपल्या फायलीतून एक जुना कागद काढला. विमावाल्यांची १९८६ सालची पाहणी. त्यात लिहिलं होतं: बॉयलर व सर्व पाइप, जाड लेप, ठिकठिकाणी फुटलेला.

"एका कडीच्या मागे नखाएवढा तुकडा राहिलाय. प्रयोगशाळेत पाठवीन, पण मला बघूनच कळतं," ती म्हणाली. "म्हणजे तेव्हा होतं. नंतर कुणीतरी काढलंय, आणि हाताने काढलंय. ते भरपूर असणार, मिसेस हेपल. दहाबारा पोती तरी. नीट नेलं असतं तर कुणी नेलं, कुठे टाकलं याचा कागद असता. आहे?"

"नाही."

"कुणाला माहीत आहे?"

बेव्हर्लीने मान हलवली. सिरिल थर्मासचं झाकण फिरवत होते.

"मग मी तसंच लिहिते. काढले आहे, कुठे गेले ते माहीत नाही. ही खोली आमची माणसं धुऊनपुसून देतील, आठवड्याभरात. बाहेरचं खणणं आज सुरू करायला माझी आडकाठी नाही. माझा कागद भिंतींच्या आतला." ती वळली. "नमुन्याची लेबलं गाडीत राहिलीत. दहा मिनिटांत आले. मग सही लागेल तुमची."

तिच्या बुटांचा आवाज बोळातून लांब गेला. बेव्हर्लीने फोन काढला. मिकला सांगायचं, कर बाबा सुरू एकदाचं. अंगठा त्याच्या नावावर होता आणि सहज म्हणून तिने वर पाहिलं. बाप खिडकीबाहेर बघत होता. हिरवळीकडे तो आयुष्यभर बघत आला होता, त्यात नवीन काही नव्हतं. पण त्याचा जबडा थांबला होता. तोंडात गोळी तशीच.

तिने फोन खाली घेतला.

"बाबा, ते कुठे गेलं?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी."

"मूठ आता माझ्या नावावर आहे."

त्यांनी गोळी दुसऱ्या गालात सारली. मग तिच्याकडे न बघता बोलले, काटा कुठे ठेवलाय ते सांगावं तसं.

"सत्त्याऐंशीचा वसंत. जिल्ह्याची फायनल आपल्या हिरवळीवर ठरली होती. पहिल्यांदा. आदल्या डिसेंबरात तो विमावाला येऊन म्हणाला होता, हॉल बंद ठेवा, तज्ज्ञ बोलवा. तज्ज्ञ म्हणजे शरद उजाडला असता. हॉल नाही म्हणजे चहा नाही, कपडे बदलायला जागा नाही. सामना गेला असता दुसरीकडे."

"एका सामन्यासाठी?"

"एका सामन्यासाठी."

दुसरं काही कारण सांगता आलं असतं. बालवाडीतली पोरं, म्हाताऱ्यांची जेवणं. त्यांनी ते सांगितलं नाही.

"बादलीभर पाणी मारलं. तोंडाला रुमाल बांधले. खताच्या पिशव्यांत भरलं, अकरा पिशव्या. दोन रविवार लागले, लोक प्रार्थनेला गेले की. हिरवळीचा एक कोपरा तेव्हा मोरीसाठी उकरलेलाच होता. तिथे घातलं आणि वरून गवत लावलं. सामन्याच्या दिवशी पंच म्हणाला, असं गवत न्यूकॅसलला नाही."

"खाली?" तिचा आवाज तिलाच परका वाटला. "या हिरवळीखाली? आणि मी मिकला आज इथे चर मारायला..." तिला पहिल्यांदा राग आला. काटा चार इंच. यंत्रापुढे फतकल. समितीतला एकटा हात. आणि ती घरी येऊन नवऱ्याला म्हणाली होती, बाबांना वेड लागलंय, गवतापुढे त्यांना माणसं दिसत नाहीत.

"फुटलेलं नाही," ते म्हणाले. "दर मार्चला बघतो. थंडीने जमीन वर येते कधीकधी, म्हणून सळई घालून बघतो. पिशव्या आहेत तिथेच आहेत."

जाणून घ्यायचं, लक्ष ठेवायचं. निळी फाईल जन्मालाही आली नव्हती तेव्हापासून हा माणूस दोन्ही करत होता. तिसरं तेवढं राहिलं होतं.

"एकट्याने केलंत?"

सिरिलनी थर्मास खाली ठेवला.

"डेस होता," ते म्हणाले.

डेस डॉड्स. मिकचा बाप. पंधरा वर्षांपूर्वी छातीने गेला, बासष्टाव्या वर्षी, शेवटचे आठ महिने उशीला टेकून बसून. डॉक्टरांनी विचारलं, कुठे काम केलंत आयुष्यभर? तो म्हणाला खाणीत, आणि गावाने मान डोलावली. या गावात छातीचं कारण कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही.

"मी बोलावलं म्हणून आला," सिरिल म्हणाले. "बिअरच्या दोन क्रेट दिल्या त्याला. कशाने गेला तो, मला काय माहीत. खाणीनेही असेल. पण मला रोज वाटतं."

"मिकला?"

"त्याला कोण सांगणार? दफनाच्या दिवशी ठरवून गेलो होतो. मग पुढच्या नाताळला. मग..." त्यांनी हाताने पुढची वर्षं दाखवली.

खिडकीबाहेर मिक केबिनमधून उतरला होता आणि हात कंबरेवर ठेवून उगाच गवताकडे बघत होता. बेव्हर्लीच्या तोंडात एक वाक्य तयार झालं, आपसूक, अगदी गुळगुळीत: मिक, त्या कोपऱ्यात जुनी मोरी आहे, तेवढं सोडून खण. बस्स, एवढंच. यंत्रणा बसेल, हॉल वाचेल, म्हातारा सुखाने जाईल. कर्स्टीचा कागद भिंतींच्या आतला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. एकदा ते फाईलमध्ये लिहिलं की माती तपासून होईपर्यंत हिरवळीला कुणी खुरपंही लावणार नाही, आणि संध्याकाळी मदत हातची जाईल, हे तिला स्वच्छ कळत होतं. त्या वाक्याचा तिला मोह झाला आणि त्या मोहाची लाजही वाटली. पुढे चार-पाच वर्षांनी त्याच कोपऱ्यात कुणीतरी झाड लावील, आणि तेव्हा सांगायला सळईवाला नसेल.

तिने फाईल उचलली.

"चला."

"मी सांगतो," सिरिल उठत म्हणाले. "तू नको बोलूस."

"नाही बोलत. पण उभी राहणार. नाव माझं आहे."

हिरवळीच्या काठाकाठाने जायला त्यांना बराच वेळ लागला. बुटाने गवतावर पाऊल टाकायचं नाही, हा नियम सिरिलनी आजही मोडला नाही. मिकने त्यांना येताना पाहिलं आणि उरलेला पाव कागदात गुंडाळला.

"काय काका, माझ्यापुढे पण फतकल मारणार का?" तो म्हणाला. "दमाने बसा, ओलं आहे."

सिरिल उभे राहिले.  बेव्हर्लीने फाईल छातीशी धरली आणि जीभ दाताखाली.

"मिक, इथे खणू नकोस," ते म्हणाले. "खाली अ‍ॅस्बेस्टॉस आहे. बॉयलरवरचं. मी पुरलंय." त्यांनी श्वास घेतला. "तुझा बाप होता माझ्याबरोबर. त्याला काही पडलेली नव्हती सामन्याची. मी म्हटलं म्हणून आला. दोन रविवार."

मिकने गुंडाळलेला कागद यंत्राच्या पायरीवर ठेवला. तो पडला म्हणून पुन्हा उचलून ठेवला.

"किती खोल आहे?"

"साडेतीन फूट."

"चार," मिक म्हणाला. "बाबा चार सांगायचा."

 बेव्हर्लीला सोमवारचा होज आठवला, मंगळवारचा दात, आणि कालचा तो न पडलेला पाऊस.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली. "आणि माझे शिव्याशाप ऐकत बसलास?"

"मी सांगून काय उपयोग, बेव्ह?" तो तिच्याशी बोलत होता पण बघत म्हाताऱ्याकडे होता. "दर नाताळला तुम्ही आमच्या आईला टर्की आणून द्यायचात, काका. आणि दारातूनच परत. आई म्हणायची, ये की आत सिरिल, चहा घे. तुम्ही कधी आत आला नाहीत. बाबा म्हणाला होता, तू तोंड उघडू नकोस, तो सांगेल. सांगितल्याशिवाय राहायचा नाही तो." त्याने नाक पुसलं. "आज मी खणलं नसतंच. पण आज तुम्ही गप्प बसला असतात ना, तर जन्मात तुमच्याशी बोललो नसतो."

"बरोबर आहे," सिरिल म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "बरोबर आहे." त्यांची हनुवटी हलत होती आणि त्यांना ती थांबवता येत नव्हती.

मिकने पायरीवरचा पावाचा कागद बाजूला सारला. "बसा. इथे कोरडं आहे."

सिरिल बसले. मिक त्यांच्या शेजारी टेकला, अंग चोरून, कारण पायरी एकाचीच होती. कर्स्टी लेबलं घेऊन येताना दिसली आणि लांबच थांबली.

बेव्हर्लीने फाईल उघडली. इमारतीचा नकाशा भिंतींपाशी संपत होता, बाहेरच्या जमिनीला त्यात जागाच नव्हती. तिने पान उलटलं, मागच्या कोऱ्या बाजूवर एक चौकोन काढला आणि त्यात लिहिलं, हिरवळ.

"कोपरा कुठला?" तिने विचारलं.

पायरीवरून दोन हात एकदम वर झाले, एकाच कोपऱ्याकडे.